अठ्ठेचाळीस धागे

लाखेचं सील फोडून तिनं पिशवीतली चादर टेबलावर पसरली, सुरकुत्या मोडायला नेहमीसारखा तळहात फिरवला, आणि हात मध्येच थांबला. आधी हात थांबला, मग आपण थांबलोय हे तिच्या लक्षात आलं. मंगळवार होता, अकरा वाजून गेले होते, शेजारच्या खोलीत कापड ताणून फाडायचं यंत्र कुरकुरत होतं. पिशवीवर फक्त आकडा होता : नमुना क्रमांक दोन. कोर्टाकडून आलेल्या नमुन्यांवर नाव नसतं. नाव असतं ते फायलीत, आणि फाईल साहेबांच्या कपाटात. तपासणाऱ्याला कळू नये कापड कोणाचं, म्हणून ही सगळी काळजी. पण तळहाताला कळलं होतं. ती खुर्चीवर बसली, उठून पंखा कमी केला, पुन्हा बसली. काकांचं कापड होतं. काकांना जाऊन आठ महिने झाले होते.

आईबाप लवकर गेल्यावर तिला काका-काकूंनी वाढवलं. बाहेरच्या खोलीत माग, आतल्या खोलीत बाकी सगळा संसार. तिचं सगळं लहानपण त्या मागाच्या ठोक्यात गेलं, इतकं की ठोका थांबला की ती झोपेतून उठायची. शाळेतून आली की दप्तर टाकून ती मागाखाली शिरायची आणि वरून खाली येणारं कापड बघत बसायची. दिसेल ते मोजायची सवय होती, म्हणून काका तिला मापाडी म्हणायचे. 'मापाडी, आज किती?' असं ते आडवा धागा नेणारा धोटा न थांबवता विचारायचे आणि ती बोटभर जागेतले आडवे धागे मोजून सांगायची. आकडा रोज तोच यायचा. एकदा कंटाळून तिनं खोटाच सांगितला, तर काका हसले आणि म्हणाले, चादर खोटं बोलत नाही, मापाडी बोलते. कापडात विणकर दिसता कामा नये, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना काकांची मान थोडी आतल्या खोलीकडे वळायची, हे तिला आता, टेबलाशी बसल्यावर आठवलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मोजायच्या त्या सवयीनंच तिला पुढे पदविका मिळाली, शहर मिळालं, सरकारी प्रयोगशाळेतली ही खुर्ची मिळाली. चौदा वर्षं ती कापडावर भिंग ठेवून एक इंचाच्या चौकटीतले धागे मोजत आली होती.

कोर्टातलं प्रकरण काय आहे हे इमारतीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. सरकारी दवाखान्यांच्या चादरी पूर्वीपासून हातमागाच्या सोसायटीकडून घ्यायची पद्धत होती. खरेदी सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर गेली तेव्हाही हातमागासाठी राखीव हा नियम कायम राहिला, फक्त माल हातमागाचाच आहे हे कापडावरून सिद्ध करायची अट आली. अटीचं माप सोपं होतं. चादरीच्या दोन्ही टोकांचं हातभर कापड सोडायचं, मधल्या भागात दहा ठिकाणी आडवे धागे मोजायचे. आकड्यांत फरक पडला तर हात, पडला नाही तर यंत्र. माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही, या एका समजुतीवर ते माप उभं होतं. सोसायटीच्या चादरींत फरक पडला नाही. पोर्टलनं माल यंत्रमागाचा ठरवून परत पाठवला आणि सोसायटीला तीन वर्षं बंदी घातली. ना कोणी विचारलं, ना ऐकून घेतलं. पडद्यावर लाल अक्षरात एक ओळ उमटली आणि सव्वीस माग गप्प झाले. सोसायटी कोर्टात गेली. बंदी बेकायदा आहे, माप चुकीचं आहे, निदान एकदा नीट तपासा, असं तिचं म्हणणं. कोर्टानं तपासायला सांगितलं. म्हणून पिशवी या टेबलावर आली होती, आणि सोसायटीचं नाव तिनं वर्तमानपत्रात वाचलं त्या दिवसापासून ती या पिशवीला भीत होती.

तिनं भिंग ठेवलं आणि मोजलं. अठ्ठेचाळीस. चार बोटं पुढे सरकवून पुन्हा मोजलं. अठ्ठेचाळीस. दहाही ठिकाणी अठ्ठेचाळीस. भिंगात तोंड घातलं की बाकीची खोली नाहीशी होते, हे तिला नेहमी आवडायचं. आज खोली नाहीशी झाली तशी तिथे दुसरी आली. प्रयोगशाळेचा जिना आला. दोन वर्षांपूर्वी काका त्या जिन्यावर उभे होते. न कळवता आले होते, काखेत चादरीचं गाठोडं, कोपरानं दाबून धरलेलं. पोर्टलची ती तपासणी नेमकी कशी करतात एवढंच विचारायचं होतं त्यांना. आमच्यातल्या कोणालाच कळत नाही, तू मोजून दाखवशील का, असं म्हणाले. तिनं त्यांना वरसुद्धा नेलं नाही. पाणी विचारलं नाही. जिन्यावरून येणारे जाणारे बघत होते आणि तिच्या डोक्यात एकच होतं, की सोसायटीचा माणूस माझ्याकडे येतो हे कोणी पाहिलं तर उद्या बोट माझ्याकडे. 'काका, इथे येत जाऊ नका,' ती म्हणाली होती. ते बरं म्हणाले. खरंच बरं म्हणाले, रागावलेसुद्धा नाहीत. मग गाठोडं काखेतून काखेत बदलत, कठड्याला न धरता, एक एक पायरी उतरत गेले. ती शेवटची भेट. ते गेल्याचं सोसायटीच्या चिटणीसांनी फोनवर कळवलं, आणि ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. काकू भिंतीला टेकून बसली होती. चहा घेतेस का, एवढंच विचारलं तिनं. रडायला आलेली माणसं निघून गेली होती आणि रडायचं कोणासमोर हे तिला कळेना, म्हणून संध्याकाळच्या गाडीनं ती परत आली.

माप संपलं होतं. आकडे लिहून सही केली की झालं, आणि ते आकडे सोसायटीच्या गळ्याला फास. तिनं चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि बोटाच्या टोकानं चादर वाचायला सुरुवात केली. हे कुठल्याही माप-पुस्तकात नव्हतं. हातमागावर वीतभर विणून झालं की विणकराला थांबावं लागतं, विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळावं लागतं, मग पुन्हा सुरुवात. त्या थांब्याची एक रेघ कापडात राहते. कच्च्या हाताची दिसते. चांगल्या हाताची दिसत नाही, पण बोटाला किंचित, केस आडवा आल्यासारखी लागते. तिला ती लागली. एक वीत चार बोटं, मग रेघ. एक वीत चार बोटं, रेघ. तिनं प्रत्येक रेघेवर टाचणी टोचली. मधला सगळा भाग संपून ती शेवटच्या टोकाशी पोचली, मापात न धरायच्या हातभर जागेत, आणि तिथे बोट अडखळलं. वीत आखडली. मग तीन बोटांवर रेघ, मग दोनच बोटांवर, मग लांबच लांब काही नाही, मग पुन्हा घाईनं दोन. तिनं डोळे उघडून भिंग लावलं. चव्वेचाळीस. एक्कावन्न. सेहेचाळीस. पन्नास. मध्येच एक धागा सुटून गेलेला आणि दुसऱ्या बाजूनं ओढून घेतलेला. आजवर कधी न पाहिलेलं कापड, तेही त्याच चादरीत, त्याच उभ्या धाग्यांवर, कुठेही जोड नाही.

तिला वाटलं, आपण एका माणसाचा शेवट हातात धरून बसलोय. इथपर्यंत काका विणत होते. इथे दम लागला, इथे उठले, इथे परत बसले नाहीत. उरलेली हातभर चादर काकूनं कशीबशी पुरी केली असणार, घरातल्या माणसानं अर्धवट टाकलेलं काम करावं तशी, रडत. टाचण्यांच्या रांगेकडे बघताना तिला काकांचा श्वास ऐकू यायला लागला. एक वीत चार बोटं श्वास, मग थांबा. शेजारचं यंत्र बंद पडलं तरी तो थांबेना. जेवायच्या सुट्टीत हात धुताना, बसमध्ये, घरी अंथरुणाची चादर झटकताना ती तेच अंतर मोजत राहिली. तीन दिवस तिनं अहवाल लिहिला नाही. चौथ्या दिवशी लिहिला. नियमाप्रमाणे मधल्या भागाचे दहा आकडे, आणि नियमात नसलेलं एक जोडपत्र : टोकाच्या भागाचे आकडे, थांब्यांची अंतरं, उभा धागा अखंड असल्याची नोंद. शेवटी एक वाक्य. धागा अखंड आहे आणि टोकाचा भाग निःसंशय हाताचा आहे, तेव्हा संपूर्ण चादर हातमागाचीच आहे. त्याखाली छापील ओळ होती, की माझ्या माहितीप्रमाणे या नमुन्याशी माझा कोणताही कौटुंबिक संबंध नाही. ती त्या ओळीपाशी बराच वेळ थांबली. बोटांना जे कळतं ते माहितीत धरतात का, असं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर यायच्या आत सही करून मोकळी झाली.

साहेब भले गृहस्थ. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं आणि तेवढं कुठेही न ठेचकाळता काढायचं ठरवलेलं. त्यांनी जोडपत्र दोनदा वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. दिसलं म्हणून लिहिलं, ती म्हणाली. त्यांनी जोडपत्र राहू दिलं. शेवटच्या वाक्यावर मात्र लाल रेघ ओढली. निष्कर्ष काढणं कोर्टाचं काम, आपण आकडे द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. त्या वाक्याच्या जागी त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं : मधला भाग यंत्रमागाच्या मापात बसतो, टोकाचा भाग हातमागाच्या मापात बसतो. ती वाद घालू शकली असती. एरवी घातला असता. स्वल्पविरामावरून भांडणारी बाई म्हणून तिची ख्याती होती. पण वाद वाढला तर साहेब विचारणार, या एका चादरीचा एवढा पुळका का. ती गप्प बसली. कागद नव्यानं छापून आला, तिनं पुन्हा सही केली.

आणि सोसायटी जिंकली. सोसायटीच्या वकिलांनी जोडपत्र धरून ठेवलं : एकाच चादरीचा एक भाग यंत्राचा आणि दुसरा हाताचा कसा असेल, असं त्यांनी विचारलं, आणि समोरच्यांना सांगता येईना. कोर्टानं बंदी रद्द केली, माल घ्यायला लावला, सोसायटीचं न ऐकता घेतलेल्या निर्णयावर ताशेरे ओढले. चिटणीसांनी तिला फोन केला. त्यांना नातं ठाऊक होतं, पण अहवाल कोणाचा हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. काका असते तर, एवढं म्हणून ते थांबले. तिला आनंद व्हायला हवा होता. उलट ती अधूनमधून कामावरून परतताना मोठ्या दवाखान्यात शिरू लागली. भेटीच्या वेळेत कोणी अडवत नाही. ती खाटांच्या रांगांमधून हळू चालायची आणि रिकामी खाट दिसली की वाकून चादरीवर हात ठेवायची. कुठलीतरी परिचारिका विचारायची, कोण तुमचं इथे? ती म्हणायची, होते एक. हाताखाली एक वीत चार बोटं, रेघ, एक वीत चार बोटं, रेघ, आणि एवढ्या खाटांवर एवढी माणसं काकांच्या श्वासावर झोपलेली.

निकालानंतर दोन महिन्यांनी काकूचा फोन आला. काकू स्वतःहून फोन करत नसे. कशी आहेस, जेवतेस ना वेळेवर, हे झालं, मग काकू म्हणाली, 'पोर्टलवाल्यांचं पत्र आलंय मला. चिटणीसांनी वाचून दाखवलं. सोबत तुझ्या अहवालाची प्रत आहे म्हणे. तुझी सही.' तिनं विचारलं, तुला कशाला पत्र? काकू म्हणाली, ये एकदा, मग सांगते.

ती रविवारी गेली. बाहेरच्या खोलीत माग तसाच होता, पण रिकामा, उभे धागे नसलेला, आणि कोपऱ्यात नव्या सुताचा रूळ गुंडाळून ठेवलेला. काकूनं पत्र तिच्या हातात दिलं. निकालानंतर पोर्टलनं नवा नियम केला होता : आता सोसायटीच्या नावावर नाही, प्रत्येक विणकराची फोटोसह वेगळी नोंदणी, आणि त्यासाठी आधी विणलेल्या कापडाची तपासणी. काकूनं अर्ज केला होता. उत्तरात लिहिलं होतं की अर्जदारानं स्वतः विणल्याचा दावा केलेलं कापड नमुना क्रमांक दोनच्या मधल्या भागाशी तंतोतंत जुळतं. तो भाग यंत्रमागाच्या मापात बसतो असा प्रयोगशाळेचा अहवाल आहे. सबब अर्ज नामंजूर. तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, काकू, चुकतंय काहीतरी, मधला भाग काकांचा होता. तुझा तो टोकाचा.

काकूनं तिच्याकडे पाहिलं, तापलेल्या लेकराकडे बघावं तसं. मग काकू सावकाश बोलली. टोकाचा भाग त्यांचा. चार वर्षं हात कापत होते त्यांचे. धोटा धरवेना, पाण्याचा पेला धरवेना. सोसायटीत एका मागाला एकच नाव. ह्यांनी विणायचं सोडलं असं कळलं असतं तर माग काढून दुसऱ्याला दिला असता. म्हणून कोणाला बोललो नाही. मी विणायचे, ते दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचे, गप्पांत गुंतवायचे. शेवटची चादर म्हणाले मी पुरी करतो. मी म्हटलं करा. तीन दिवस लागले हातभर कापडाला. झाल्यावर इतके शरमले, म्हणाले हे कापून टाक. मी नाही कापलं.

'पण मी हातानं ओळखलं,' ती म्हणाली. 'लहानपणापासूनचं कापड. काकांचं.'

'लहानपणी तरी त्यांचं कुठे होतं,' काकू म्हणाली. 'त्यांचा हात सैल. सकाळभर मी बसायचे, तू शाळेतून यायच्या वेळेला ते बसायचे. तू यायचीस तेव्हा मी चुलीशी असायचे. तू जे खाली बसून मोजायचीस ना, ते सकाळचं.'

आठ महिने, आणि नंतरचे महिने, ती एका गेलेल्या माणसाच्या हाताला भीत होती, दवाखान्यातल्या खाटांवर वाकून त्याची माफी मागत होती. तो हात इथे समोर होता, पत्राची घडी घालत होता. बोटं जाड झालेली, अंगठ्याला घट्टा. चौदा वर्षं कापडं ओळखण्यात घालवलेली बाई घरातल्या बाईला ओळखू शकली नव्हती. आणि जिन्यावरचे काका आता निराळे दिसू लागले. गाठोडं कोपरानं धरलं होतं ते हात लपवायला. कठड्याला न धरता उतरले ते त्याचसाठी. चादर काकूची होती. तिच्यासाठी विचारायला आले होते. ते तिच्या आत आणखी खोल गेले आणि तिथेच उभे राहिले, बरं म्हणत.

'म्हणजे कागदावर मी यंत्र का?' काकूनं विचारलं. आवाजात राग नव्हता, शंका विचारावी तसं विचारलं.

'हो,' ती म्हणाली. 'माझ्या सहीनं.'

मग तिनं सगळं सांगितलं. छापील ओळीखालची सही, साहेबांनी खोडलेलं वाक्य, आपलं गप्प बसणं. म्हणाली, मी उद्याच जाऊन लिहून देते. काकूनं विचार केला. नातं सांगितलंस तर तुझा अहवाल राहील का, असं विचारलं. बहुतेक नाही. मग कोर्टाचा निकाल? वर अपील करायची मुदत अजून आहे, ती म्हणाली, एकवीस दिवस. त्यांना हे मिळालं तर ते नक्की करतील. काकूनं मान हलवली. सव्वीस घरं आहेत, म्हणाली. एकवीस दिवस जाऊ दे. मी एवढी वर्षं कोणी नव्हते, आणखी एकवीस दिवस नाही झाले तर काय बिघडतंय. त्यानंतर मात्र लिही. तुझ्या नोकरीचं काय होईल ते तू बघ, मी नको म्हणणार नाही.

मग काकू उठली आणि सुताचा रूळ मागाला लावायला घेतला. उभे धागे फणीतून ओवायला दोन माणसं लागतात, एकानं मागून एकेक धागा द्यायचा, दुसऱ्यानं पुढून तारेच्या आकड्यानं ओढून घ्यायचा. काका गेल्यापासून द्यायला कोणी नव्हतं, म्हणून माग रिकामा होता. ती मागाच्या मागे जाऊन बसली. धागा दिला, काकूनं ओढला. दिला, ओढला. अडीच हजार धागे, दिवसभराचं काम. फणीच्या पातळ पट्ट्यांमधून काकूचा चेहरा चिरफाळ्या होऊन दिसत होता, आणि दोघींच्या मधे, मागावरच्या रिकाम्या फळीवर, कोणीतरी बसलंय असं तिला सारखं वाटत होतं. काकूलाही वाटत असावं, कारण आकडा घालताना ती त्या बाजूला कोपर लागू देत नव्हती.

एकवीस दिवस तिनं मोजले. अपील झालं नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सांगितलं. ते ऐकता ऐकता पांढरे पडले. दार लोटून आले, तिला बसवलं, आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले की हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं मी धरतो. निकाल लागला, माल गेला, सगळे सुखी आहेत. एका बाईच्या नोंदणीसाठी तुम्ही स्वतःला, मला, सगळ्या प्रयोगशाळेला गोत्यात घालणार का? तिनं विचारलं, दुसरा काही मार्ग आहे का. ते खिडकीबाहेर बघत राहिले. तिला त्यांचा राग आला नाही. आपण जिन्यावर उभं राहून जे केलं तेच ते आता करताहेत, इतकंच तिला दिसलं, आणि त्यांच्या टेबलाच्या कडेशी, काखेत गाठोडं घेऊन, कोणीतरी नम्रपणे वाट बघत असल्यासारखं वाटलं.

ती खाली आली. आवक-जावकच्या खिडकीत नेहमीचा कारकून होता. तिनं सहा पानांचं निवेदन आत सरकवलं आणि पोच मागितली. कोणाकडून, त्यानं विचारलं. माझ्याकडून, ती म्हणाली. घरच्याच माणसानं दारावर टकटक केल्यासारखं त्यानं वर पाहिलं, पण रजिस्टर ओढलं, तारीख टाकली, आकडा टाकला. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं.

'विषय काय लिहू?'

'लिहा, चादर कोणी विणली.'

त्यानं लिहिलं, आणि सवयीनं पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

'प्रश्नचिन्ह खोडा,' ती म्हणाली. 'नाव आत आहे.'